त्रुटी क्रमांक सात

५ एप्रिल १९९८, रविवार

आबांनी आज कॉम्प्युटरला नमस्कार केला! चपला दाराबाहेर, दोन्ही हात कीबोर्डला लावून कपाळाला, मग खुर्चीत बसले. तीस वर्षं मोठागावच्या रेतीबंदरावरून ट्रक नेला, रोज सकाळी स्टेअरिंगला असाच नमस्कार करायचे म्हणे. मी तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाले. सासऱ्यांसमोर हसायचं कसं?

सगळा दोष धाकूचा. मी कामाला जाते त्या कॉम्प्युटर क्लासातली मशीनं जोडतो-दुरुस्त करतो तो. क्लासातलं जुनं मशीन मी घरी आणलं ते लेकीसाठी, मालूसाठी – दुसरीत जाईल, जरा माऊस तरी धरायला शिकेल. आणि धाकूने त्यात काय घातलं, तर राक्षसी ट्रकचा गेम. माणसाच्या उंचीची चाकं. दुसऱ्यांच्या गाड्यांवर चढायचं, चिरडायचं, हवेत उड्या मारायच्या.

पहिली उडी बघून आबा म्हणाले, "कमान तुटली याची."

"नाही तुटली आबा. या गेममध्ये ट्रकची स्प्रिंग तुटत नाही."

"तुटाया पायजे! यो ट्रक खोटा हाय."

धाकू हे ऐकून असा उठला, जणू लॉटरी लागली. डोंबिवलीत या गेमचे सात-आठ वेडे आहेत आणि त्यांचं एक मंडळ आहे, हे मला आजच कळलं. गेम किती खरा, किती खोटा, यावर ते तासन् तास भांडतात. त्यांच्यातल्या एकानेही लुनापेक्षा मोठं वाहन चालवलेलं नाही. आता त्यांना खराखुरा ड्रायव्हर सापडला.

१२ एप्रिल, रविवार

मंडळ घरी हजर. नऊ कप चहा, आणि वर पोह्यांचं पातेलं रिकामं. बहुतेक क्लासातली कॉलेजची मुलं-मुली, पण पुढारी एक – गुणाजी. पोस्टात कारकून, वय पंचेचाळीस, डोक्यावर चार केस आणि काखेत वही. त्या वहीत गेमच्या त्रुटी, क्रमांक घालून, शाईच्या पेनने! एक – कमान तुटत नाही. दोन – चिखलात चाक रुतत नाही. आज आबांनी आणखी चार सांगितल्या. सहावी मला पटली – उतारावर ब्रेक तापल्याचा वास येत नाही. धाकू म्हणाला, वास कॉम्प्युटरला कसा देणार? आबा म्हणाले, मंग खरा कशाला म्हंतात?

मग आबांनी चालवून दाखवलं. प्रत्येक वळणाला हॉर्न. चढ आला की आधी थांबून विचार. सगळे राक्षस उड्या मारत पुढे गेले आणि आबा पाच मिनिटांनी, एकही ओरखडा न पाडता, शेवटच्या नंबराने आले. कोणी हसलं नाही. "ट्रक उडवायचा नसतो, पोचवायचा असतो," आबा म्हणाले. गुणाजींनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, खाली तारीख टाकून.

१४ एप्रिल, मंगळवार

आबांनी आईंची – माझ्या सासूबाईंची – मासळीची पाटी उलटवली. आई बाजारातून आल्या, पाटी पडवीत बाजूला टेकली, आबा सरळ तिच्यावरून चालत गेले. उरलेले बोंबील सगळ्या पडवीभर.

"आवो, डोलं हायेत का कवड्या!"

"तूच मधी ठेवतंस!"

मधे कुठली, भिंतीला लागून होती. परवा दाराची चौकट खांद्याला लागली, त्याआधी माझी पाण्याची कळशी. मी म्हटलं, आबा आता ट्रक राहिले नाहीत, रणगाडा झाले. आई पोट धरून हसल्या. आबासुद्धा हसले थोडे.

१९ एप्रिल, रविवार

आज मोठा शोध लागला म्हणे. आबा चालवत होते, नाक जवळजवळ स्क्रीनला. एकदम कीबोर्डवरून हात उचलले.

"ह्या बाजूच्या गाड्या हवेतून कशा येतात?"

कोणाला कळेना. आबांनी समजावलं – मागची गाडी पुढे काढताना आधी कडेला दिसते, मग हळूहळू समोर येते. इथे तसं होत नाही. कडेला काही नसतं आणि एकदम नाकासमोर गाडी! "असं कुठल्या रस्त्यावर होतं? तीस वर्सांत मना तं नाय दिसलं."

मग धाकू हळूच म्हणाला, "हो, मला पण तसं वाटलेलं एकदा." गुणाजी म्हणाले, "माझ्याही लक्षात आलं होतं, पण खात्री नव्हती." मग काय! पोहे संपेपर्यंत सगळ्या मंडळाला गाड्या हवेतून येताना दिसायला लागल्या. वहीत नोंद – त्रुटी क्रमांक सात. तिला लाल शाईची चौकट.

मला काही दिसलं नाही. पण मी पडले चहावाली.

२४ एप्रिल, शुक्रवार

शारजाची फायनल. मंडळ गायब, गल्ली ओस. आबा एकटेच ट्रक चालवत होते. "आज रस्ता मोकला हाय," म्हणाले!

२७ एप्रिल, सोमवार

क्लासात इंटरनेटचं एकच कनेक्शन, सर जेवायला गेले की ते माझं. जगभरातल्या या वेड्यांची एक यादी आहे – एकाने पत्र टाकलं की सगळ्यांना पोचतं. अमेरिका, जर्मनी, कुठून कुठून लोक तिथे हेच भांडतात – चाकातली हवा खरी वाटते का, वजन खरं वाटतं का. म्हणजे डोंबिवलीचे वेडे एकटे नाहीत. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्रुटी सातचं इंग्रजी मी केलं. गुणाजी मागे उभे राहून सांगत होते, "लिहा – आमच्याकडे तीस वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ आहेत." आबांना तज्ज्ञ केलं मी. घरी सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे काय?" आई म्हणाल्या, "म्हंजे काम न करता चाय पिनारा."

३० एप्रिल, गुरुवार

चौदा उत्तरं आली, आणि चौदाही टिंगलीची. अशी काही चूक गेममध्ये नाही, तुमचं मशीन जुनं, ग्राफिक्स कार्ड बदला. एकाने लिहिलं, तुमच्या तज्ज्ञांना झोपेतून उठवा. हे मी आबांना वाचून दाखवलं नाही. धाकू पेटला आहे, कुठूनतरी नवं कार्ड आणतो म्हणतो.

४ मे, सोमवार

आज पंधरावं! कॅनडातला कोणी वॉल्टर. वय बासष्ट, आयुष्यभर ट्रकमधून लाकडाचे ओंडके वाहिले. लिहितो – "देवाची कृपा, मी एकटा नाही! मलाही गाड्या अशाच एकदम येताना दिसतात. इथे सगळे मला वेडा म्हणतात. तुमच्या म्हाताऱ्याला माझा सलाम सांगा."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बग! डायवरला डायवरच वलखतो." दुपारभर वॉल्टरची चौकशी. लाकूड किती टन? तिकडे घाट आहेत का? बर्फात ब्रेक मारतो तरी कसा? सगळं मी लिहून घेतलं, उद्या पाठवायचं. माझा नवरा जगन रात्रपाळीहून येऊन झोपला होता, त्याला उठवून आबांनी सांगितलं, कॅनडात माझा एक दोस्त हाय.

९ मे, शनिवार

घरात पेढे! आबांना काम लागलं. मालूच्या शाळेची बस ज्यांची आहे ते रतनशेठ स्वतः घरी आले – आबांना म्हणाले, नामाभाऊ, जुना ड्रायव्हर गावी गेला, तुमच्यासारखा सांभाळून चालवणारा माणूस हवा. १५ जूनपासून सुरू. लायसन्सही नवं करून झालं. डॉक्टरांनी अक्षरांची पाटी वाचायला लावली, तर आबांनी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचली. "चष्मा बी नाय लागत मना," हे आज निदान सहा वेळा ऐकलं.

रेतीचा ट्रक सोडून तीन वर्षं झाली. तेव्हापासून आबा नुसते पडवीत बसून असायचे, बोलणंही कमी झालेलं. आज खाकी शर्ट काढून स्वतः इस्त्री केली. मालूने पहिली सीट आतापासून अडवून ठेवली आहे. मला फार आनंद झाला आहे, एवढंच लिहिते.

१७ मे, रविवार

धाकूने नवं कार्ड बसवलं. आबा अर्धा तास चालवून म्हणाले, "नाय. अजून तसंच हाय." लगेच सगळे – तसंच, अगदी तसंच! गुणाजींचा आवाज सगळ्यांत मोठा. या लोकांना आबांनी सांगितलं की ट्रकला शिंगं आहेत, तर ती पण दिसतील.

मी चहा देताना एवढंच म्हटलं, मला नाही दिसत बाई. गुणाजींना ते लागलं. म्हणाले, पुढच्या रविवारी शास्त्रीय प्रयोग करू. तोही माझ्यावर उपकार केल्यासारखं!

२४ मे, रविवार

प्रयोग झाला. कसा झाला ते नीट लिहिते.

गुणाजींनी माझ्या पाकिटातली एक टिकली घेऊन स्क्रीनच्या बरोबर मधे चिकटवली. धाकू चालवणार. बाकी सगळ्यांनी, आबा मधल्या खुर्चीत, नजर टिकलीवर ठेवायची, अजिबात हलवायची नाही. पिवळा ट्रक दिसला की हात वर. कोणाचा हात आधी, कोणाचा नंतर, ते लिहायचं काम माझं. दहा वेळा ट्रक समोरून यायचा, दहा वेळा बाजूने.

पहिल्यांदाच बाजूने ट्रक आला आणि मंडळाचे सगळे हात एकदम वर! महिनाभर ज्यांना गाड्या हवेतून येताना दिसत होत्या, त्या सगळ्यांना तो कडेलाच दिसला. एकमेकांकडे बघेनात. धाकूचे कान लाल झाले. मी हसू आवरता आवरता लिहीत होते. आबांचा हात तेव्हा खालीच होता. ट्रक टिकलीजवळ आला तेव्हा वर गेला.

शेवटी गुणाजी घसा साफ करून म्हणाले, "आबांचा हात वयामुळे सावकाश उठतो, एवढाच अर्थ." सगळ्यांनी सुटल्यासारख्या माना हलवल्या आणि घरी गेले.

कप विसळताना मी कागद पुन्हा बघितला. समोरून आलेल्या दहांपैकी आठ वेळा आबांचा हात सगळ्यांच्या आधी वर. पोरांच्या आधी! बाजूने आलेल्या दहांपैकी दहा वेळा शेवटी.

हात सावकाश उठतो तर मग समोरच्याला कसा उठला?

२५ मे, सोमवार

आबा पडवीत बसले होते. मी म्हटलं, आबा, एक गंमत करू. माझ्या नाकाकडे बघा, पळी दिसली की सांगा. पळी त्यांच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणली. गालाजवळ आली, काही नाही. डोळ्याच्या कोपऱ्यापुढे आली, तरी काही नाही. पळी माझ्या नाकाला टेकायला आली तेव्हा म्हणाले, "हां, आली." दुसऱ्या बाजूनेही तेच.

"जिंकलो का?" विचारलं त्यांनी.

मी हो म्हटलं. आत जाऊन पिंप धरून उभी राहिले. आईंची पाटी, चौकट, कळशी. रणगाडा म्हणाले होते मी! सगळ्यांना हसवलं होतं. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आणि पंधरा जूनला ते बसमध्ये बसणार. रस्त्यात पोरं बाजूनेच धावत येतात.

२८ मे, गुरुवार

जगनला सांगितलं. "काय तू पण शीला! डॉक्टरने पास केलंय ना? शेवटची ओळ वाचलीये त्यांनी. गेममधलं काय घेऊन बसलीयेस." मी पळीचं सांगितलं. तेव्हा म्हणाला, "तीन वर्षांनी माणूस हसायला लागलाय गं. तू सांगशील त्यांना? मी नाही सांगू शकत."

मीही नाही सांगू शकत. अठरा दिवस उरले.

१ जून, सोमवार

सांगितलं. प्रयोगाचा कागदच हातात दिला, कुठला रकाना कुठला ते दाखवलं. आबांनी बराच वेळ वाचला. मग शांतपणे म्हणाले, "म्हंजे तुजं म्हननं, गेम खरा हाय. मीच खोटा."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि बंदरावर निघून गेले. जेवायला आले नाहीत.

४ जून, गुरुवार

चौथा दिवस. माझ्याशी एक शब्द नाही. कॉम्प्युटरवर आईंनी टॉवेल टाकला आहे. इस्त्रीचा खाकी शर्ट खुंटीवर तसाच. आई मला काही बोलल्या नाहीत, पण आज ताटात मला मासळीची मोठी तुकडी वाढली.

७ जून, रविवार

सकाळी मंडळ आलं, मी दारातूनच परत पाठवलं. आबा मालूला घेऊन बाहेर गेले होते. साडेअकराला दोघं आले. मालू नाचत –

"आई, आम्ही नाक्यावर खेळलो! सरळ समोर बघायचं आणि बाजूने रिक्षा दिसली की ओरडायचं. मी वीसच्या वीस वेळा जिंकले! आबा एकदा पण नाही."

आबा चपला काढत होते. मालू माझ्या कानात म्हणाली, "एकदा तरी त्यांना जिंकू द्यायला पाहिजे होतं ना गं?"

आबा मोरीवर गेले, हात-पाय धुतले, टॉवेलने तोंड पुसलं. मग सहा दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "शीला, डोल्याच्या डाक्टरकडं कवा जायचं?"

मी रडले. त्यांच्यासमोरच रडले, काय करणार.

१० जून, बुधवार

ठाण्याला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी आबांना एका मशीनसमोर बसवलं – मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, बाजूला ठिपका दिसला की बटण दाबायचं. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "ही तं गुनाजीची टिकली!"

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, बऱ्याच वर्षांचा. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून पाटी वाचता येते. कडेचं सगळं गेलं. बाई म्हणाल्या, माणसाला स्वतःला कळत नाही, कारण तिथे काळं काही दिसत नाही, काहीच नसतं. गेलेलं परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकेल. अजून वर्षभर आला नसतात तर समोरचंही गेलं असतं.

येताना आबा रतनशेठकडे उतरले. मला बाहेर थांबायला सांगितलं. आतून आवाज आला, "शेठ, मना नाय जमनार. दुसरा बगा." बाहेर आले तेव्हा पाठ ताठ होती. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो. हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते.

घराच्या कोपऱ्यावर एकदम थांबले. "तो वाल्टर."

मला तोवर आठवलाच नव्हता! चौदा जणांना न दिसलेली त्रुटी सगळ्या जगात दोघांनाच दिसत होती.

"त्याला लिव. आजच्या आज लिव."

क्लास बंद झाला होता. सरांच्या घरून किल्ली आणून लिहिलं. टिकलीचं, पळीचं, ठिपक्यांच्या मशीनचं. शेवटी आबांचं वाक्य – डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, पाटी वाचून फसू नकोस.

१४ जून, रविवार

मंडळ आलं, मान खाली घालून. धाकू म्हणाला, "आबा, शप्पथ, मला खरंच दिसतंय असं वाटायचं." आबा म्हणाले, "तुज्यासारखा क्लीनर असता तं मी कवाच खाडीत गेलो असतो." मग सगळे हसले आणि घर जरा मोकळं झालं. गुणाजींनी वही काढून त्रुटी सात पट्टी लावून खोडली आणि समोर सही केली. पोस्टातली सवय.

टॉवेल काढला. आबा चालवायला बसले, मालूला स्टुलावर डावीकडे बसवलं. ट्रकला क्लीनर असतो कशाला? "आबा, डावीकडून निळा! उजवीकडून दोन!" मालू अशी ओरडत होती की शेजारच्या मीराबाई बघायला आल्या. शर्यतीत शेवटून दुसरे आले आज, प्रगती आहे. वहीत नवी नोंद झाली. त्रुटी क्रमांक आठ – गेममध्ये क्लीनर नाही.

वॉल्टरचं काही नाही.

१५ जून, सोमवार

शाळा सुरू. मालूला बसमध्ये चढवायला आबा गेले. पहिली सीट मिळवून दिली. मग नव्या ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्या कानाजवळून बोट फिरवलं – "समोर बग. दिसलं की सांग!" पाठीमागे रिक्षांचे हॉर्न. ड्रायव्हर पास झाला, बस सुटली.

१९ जून, शुक्रवार

थेंब सकाळ-संध्याकाळ, मी घालते. आबा लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटतात आणि वर मलाच म्हणतात, नेम चुकला.

वॉल्टर गप्प. आबा रोज विचारतात. वाईट वाटलं असेल त्याला, मी म्हटलं. "मना बी वाटलेलं," म्हणाले.

२५ जून, गुरुवार

वॉल्टरचं उत्तर आलं. चारच ओळी. डॉक्टरकडे जाऊन आला. त्यालाही तेच. आणि जे त्याने आधी कधी लिहिलं नव्हतं ते – ओंडक्यांचा ट्रक सोडून त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून तो गावातल्या शाळेची बस चालवत होता. एकेचाळीस मुलं. किल्ली सोमवारी परत दिली.

आबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "किती पोरं म्हंटलंस?"

"एकेचाळीस."

मग डोळे वर करून थेंबांसाठी बसले, वेळ झाली नव्हती तरी.